पेसमेकरचे पहिले मानकरी

हृदयाची लय बिघडली म्हणून छातीत पेसमेकर बसवणे ही गोष्ट आज गोंदियालगतच्या फुलचूरसारख्या गावातील कुटुंबांनाही अपरिचित राहिलेली नाही. हे उपकरण ज्यांच्या देहात सर्वप्रथम बसवले गेले, ते होते स्वीडनचे आर्ने लार्सन.

१९१५ साली जन्मलेल्या लार्सन यांच्या हृदयाला संसर्गाने इजा झाली आणि वरच्या कप्प्यांतील विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. नाडी मंदावून दिवसातून २०-३० वेळा त्यांची शुद्ध हरपे. औषधांचा गुण येईना. शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट अशा उपकरणावर काम करीत असल्याचे लार्सन यांच्या पत्नी एल्स-मारी यांना समजले. माणसात बसवण्याजोगे उपकरण अद्याप तयार नव्हते. तरीही एल्स-मारी यांनी दोघांचा पिच्छा सोडला नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयात ४३ वर्षांच्या लार्सन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पहिले उपकरण काही तासांतच बंद पडले. दुसरेही फार टिकले नाही. पण वाट सापडली होती.

ते यंत्र ठरलेल्या गतीनेच ठोके देई; रुग्ण झोपेत आहे की जिना चढतो आहे, याची त्याला जाणीव नव्हती. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला तरी ते आपला ठोका देई आणि अवेळी पडलेला ठोका क्वचित घातकही ठरू शके. साठच्या दशकात हृदयाची चाहूल घेऊन गरजेपुरताच ठोका देणारी यंत्रे आली. पुढे शस्त्रक्रियेविना, बाहेरूनच गती बदलण्याची सोय झाली. वरचे कप्पे बेबंद थरथरू लागले, तर त्यांच्या मागे न धावता खालच्या कप्प्यांची गती आवाक्यात ठेवण्याची तजवीजही यंत्रात करता येऊ लागली.

या प्रगतीचे टप्पे लार्सन यांनी स्वतःच्या छातीत अनुभवले. त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. एल्मक्विस्ट १९९६ मध्ये, तर सेनिंग २००० मध्ये निवर्तले. २८ डिसेंबर २००१ रोजी, ८६व्या वर्षी लार्सन यांचे निधन झाले, तेही त्वचेच्या कर्करोगाने. ज्या हृदयाची कोणी हमी देत नव्हते, त्याने त्यांना आणखी ४३ वर्षे साथ दिली. पेसमेकर बसवल्यावर काम संपत नाही, तो रुग्णाच्या हृदयाशी वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो, हा धडा त्यांच्या आयुष्याने घालून दिला.