वालाचे बिरडे आणि कमलाबाई

आमच्या मुरुडचे नाव काढले की महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते कमला सोहोनी यांच्याविषयी. कला शाखेच्या मुलीने शास्त्रज्ञ बाईंवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या गोठ्यात आहे.

गाईच्या आंबोणात शेंगदाण्याची पेंड कालवणे हे घरातले माझे काम. पुढे वाचनालयात एके दिवशी वाचले की, तेल काढून उरलेल्या या पेंडीत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. खोबऱ्याच्या पेंडीतही सुमारे एक पंचमांश असतात. मी थक्कच झाले! अर्थात गोठ्यातली पेंड माणसाने तशीच खावयाची नाही. तिच्यात चोथा असतो, बुरशीच्या विषाचेही भय असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने मात्र चांगल्या दाण्यांच्या स्वच्छ पेंडीपासून सकस पीठ तयार केले. शेंगदाण्याचे प्रथिन दुधात मिसळून ‘मिलटोन’ नावाचे पेयही तिथेच तयार झाले. पपईच्या चिकातल्या पपेनसारखी विकरे अशा प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडतात. तुकडे लहान झाले की प्रथिन पाण्यात चांगले विरघळते आणि पचायलाही हलके होते. आपल्या पोटातली विकरेही हेच काम करतात. प्रथिने आणि विकरे यांचे हे नाते शोधता शोधता मी कमलाबाईंपर्यंत पोचले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरच्या भागवत घराण्यात झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत काही उणे नव्हते. उणे एवढेच की अर्जदार स्त्री होती.

बाईंनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, आणि रामन यांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. तिच्यामुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीही एक अट होती. हा अपमान बाईंना आयुष्यभर बोचत राहिला. तरी त्यांनी श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास नेटाने केला. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली बाईंनी एम.एस्सी. पदवी मिळवली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाशी संबंधित असे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम केल्यावर १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले आणि पुढे त्याच संस्थेचे संचालकपद भूषवले. गरिबांना परवडेल अशा अन्नाचा त्यांना ध्यास होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले व त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मला सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे वालावरचे काम. प्रथिन पचवणाऱ्या ‘ट्रिप्सिन’ या विकराला अडवणारे द्रव्य वालाच्या दाण्यात असते. कमलाबाई आणि त्यांचे सहकारी यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. १९५५ साली हे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. अशा द्रव्यांचा जोर उष्णतेने बहुतांशी मोडतो. कच्च्या शेंगदाण्यातही ती असतात, म्हणून पेंडीचे पीठ करतानाही योग्य उष्णता द्यावी लागते. माझी आजी वाल भिजवते, मोड आणते, सोलते आणि चांगले शिजवून बिरडे करते. तिला अक्षरओळख नाही. तिला हे सारे सांगितले, तेव्हा ती नुसती हसली. कच्चे वाल कोण खातो, असे तिचे म्हणणे!

१९९८ साली कमलाबाई गेल्या. त्यांच्या घरात विज्ञान होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. आई हंगामात काजूगर सोलायला जाते आणि त्यातून माझी फी भरते. तिसऱ्या वर्षाला मला पाठवावे की नाही, यावर सध्या घरात बोलणे चालू आहे. काका म्हणतात, पुरे झाले. गेल्या आठवड्यात मी आईला कमलाबाईंची हकीकत सांगितली. काजूची साले चिकटून तिची बोटे काळी पडली होती. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि त्या बाईंना परीक्षेच्या त्या एका वर्षात घरून कोणी परत बोलावले नाही ना, एवढेच विचारले. मी नाही म्हटले. मग ती काकांशी बोलायला उठली. निकाल अजून लागायचा आहे. पण तिसऱ्या वर्षाचा अर्ज मी आणून ठेवला आहे.