पीएमपी नव्हती, गँट चार्ट नव्हता. मग विश्वेश्वरय्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ शिकले कुठे? पांझरा ते नीरा कालवा, समजून घ्या

कालव्याला आवर्तन सुटले की तीर्थपुरी, घनसावंगी भागात एकच प्रश्न चर्चेत असतो : पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचणार का? जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. वरच्या बाजूला ऊस वाढला की खाली ‘टेल’च्या शेतकऱ्याचे पाणी तुटते. हा प्रश्न जायकवाडीच्या कितीतरी आधीचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका कालव्यावर तो आला, तेव्हा उत्तर शोधण्याचे काम एका चाळिशीतल्या इंजिनीअरकडे होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून साजरा होतो.

त्यांचे नाव घेतले की धरणे आठवतात. पण आज मराठवाड्यातली अनेक इंजिनीअर मुले नोकरी सांभाळून पीएमपीसारख्या परीक्षांची तयारी करतात, त्यांच्यासाठी या माणसाच्या कारकिर्दीचा पहिला भाग जास्त कामाचा आहे. तो भाग महाराष्ट्रात घडला आहे.

शिक्षण पुण्यात, पैसा शिष्यवृत्तीचा

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना एका घरी मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी दिवस काढले. पदवीनंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, सिव्हिल इंजिनीअरिंगला आले. १८८३ मध्ये ते परीक्षेत पहिले आले. पहिल्या येणाऱ्याला मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नोकरी मिळत असे. १८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनीअर झाले आणि खानदेशात रुजू झाले.

इथपर्यंत कहाणी हुशार विद्यार्थ्याची आहे. खरा अभ्यास पुढे सुरू झाला.

दातर्तीचा सायफन : पहिल्याच कामात डेडलाइनचा पेच

धुळ्याच्या पश्चिमेला साधारण ३५ मैलांवर दातर्ती गाव. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाइप टाकून पाणी पलीकडे न्यायचे, असे काम या नवख्या इंजिनीअरकडे आले. यालाच पाइप सायफन म्हणतात. ऐकायला सोपे, पण पावसाळा तोंडावर आला होता. पूर आला की खोदलेला पाया गाळाने भरून जायचा. तेवढ्यात खात्याची परीक्षाही जवळ आली. ती पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नसे.

विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले की काम पावसाळ्यानंतर करू. वरिष्ठ इंग्रज एक्झिक्युटिव्ह इंजिनीअरने हे मान्य केले नाही; उलट शिस्तीवरून कडक शेरा मारला. एखाद्याने परीक्षेचे कारण पुढे करून बदली मागितली असती. विश्वेश्वरय्यांनी आपली सूचना मागे घेतली, काम पुन्हा हाती घेतले आणि पुराशी झगडत ते पुरे केले. त्याच वरिष्ठांनी नंतर त्यांचे कौतुक केले. परीक्षाही ते पास झाले.

तांत्रिकदृष्ट्या काम पुढे ढकलण्याची त्यांची सूचना अजिबात चुकीची नव्हती. आजच्या भाषेत तो रास्त ‘रिस्क रिपोर्ट’ होता. पण काम कधी थांबवायचे हे साइटवरचा माणूस एकटा ठरवत नाही, हे त्यांना वयाच्या पंचविशीच्या आतच कळले. पीएमपी परीक्षेला बसायचे तर पदवीधराला ३५ तासांच्या प्रशिक्षणासोबत प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. ती परीक्षा घेणारी अमेरिकेतली संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली, विश्वेश्वरय्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी. गँट चार्टही त्यांच्या मुंबई इलाख्यातल्या नोकरीनंतरचा.

पांझरा खोऱ्यात आणखी एक गोष्ट होती : फड पद्धत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे गावाने ठरवायचे आणि ऊस दरवर्षी एका ठरलेल्या फडातच घ्यायचा. पाटकरी गावाचा. सरकारी कागद नाही, तरी पाणी शेवटपर्यंत जायचे. हे पुढे लक्षात ठेवा.

नीरा कालव्यावर नेमके काय बिघडले होते?

मधल्या काळात त्यांनी सिंधमध्ये सक्करची पाणीपुरवठा योजना उभी केली, सुरतेत काम केले, १८९८ मध्ये जपान पाहून आले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. १८९९ मध्ये पुण्याच्या पाटबंधारे विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

भाटघर धरणावरचा नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला होता. पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यासाठी. झाले मात्र वेगळेच. ज्यांना पाणी सहज मिळत होते, त्यांनी ऊस लावला आणि हवे तेवढे पाणी दिले. निचरा नसल्याने जमिनी पाणथळ, खारट होऊ लागल्या. डास वाढले, हिवताप वाढला. खालच्या गावांना पाणी कमी पडू लागले. शिवाय कोणाला पाणी द्यायचे हे दरवर्षी अर्जावर ठरत असल्याने सगळी सत्ता खालच्या कर्मचाऱ्यांच्या हातात गेली होती.

म्हणजे धरण पक्के, कालवा पक्का, तरी प्रकल्प फसत चाललेला. बांधकाम पूर्ण झाले की प्रकल्प संपला, असे मानणाऱ्यांना नीरा कालवा अवश्य दाखवावा.

‘ब्लॉक पद्धत’ म्हणजे काय?

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली योजना थोडक्यात अशी. कालव्याचे पाणी मूठभर गावांत न मुरवता जास्तीत जास्त गावांत वाटायचे. प्रत्येक ठिकाणी चांगल्या जमिनीचा आणि निचऱ्याचा एक ब्लॉक आखायचा. त्या ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिके. पुढच्या वर्षी उसाची जागा बदलायची. आणि परवाना एका वर्षाचा न देता अनेक वर्षांचा द्यायचा, म्हणजे शेतकऱ्याला खात्री मिळते आणि दरवर्षीची मिनतवारी संपते.

दातर्ती परिसरातल्या फडाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. दोन्हींची ठेवण सारखीच आहे. फरक एवढाच की तिथे गाव ठरवत होते, इथे खाते.

विरोध झाला. ऊस कमी करा म्हणणारा अधिकारी कोणत्याच काळात लोकप्रिय नसतो. वर्षानुवर्षे मुक्त पाणी घेणाऱ्या बागायतदारांना हे बंधन वाटले. त्यांना समजावणे हा योजनेचा सगळ्यात अवघड टप्पा होता आणि त्याला कोणतेही गणित उपयोगी पडत नाही. पुढे शेतकऱ्यांनी पद्धत स्वीकारली, ती दख्खनच्या इतर कालव्यांवरही गेली आणि ‘ब्लॉक’ हा शब्द राज्याच्या सिंचन व्यवहारात रुजला.

खडकवासल्याची दारे

याच काळात पुण्याची तहान वाढत होती. खडकवासला धरणाची भिंत उंच करणे खर्चिक आणि जोखमीचे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की दारे आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. १९०३ च्या या दारांमुळे भिंतीला हात न लावता सांडव्यावर सुमारे ८ फूट जादा पाणी साठवता आले. त्यांनी पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाचा मोबदला नको म्हणून रॉयल्टी घेतली नाही.

निजामाचे बोलावणे

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले, हजारो माणसे गेली. परदेशात फिरत असलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने बोलावले. जालना, अंबड, तीर्थपुरी हा भाग तेव्हा याच संस्थानात होता. त्यांच्या आराखड्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. दोन्ही पूर्ण व्हायला १९२० चे दशक उजाडले. तोवर ते हैदराबादेतून कधीच निघून गेले होते.

कृष्णराजसागर आणि एक वाद

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरच्या कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. मद्रास सरकारने पाण्यावरून अडवले, म्हणून कमी उंचीची परवानगी घेऊन पाया मात्र पूर्ण उंचीचा घातला गेला. हजारो मजूर रात्रंदिवस राबले. दगडी भिंतीत सिमेंटऐवजी सुरखी-चुना वापरला. धरण १९३१ च्या सुमारास पूर्ण झाले. कन्नंबाडीसह कित्येक गावे पाण्याखाली गेली, ही त्या हिशोबाची दुसरी बाजू.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, इंजिनीअरिंग कॉलेज, भद्रावतीचा लोखंड कारखाना या सगळ्यांवर त्यांची छाप आहे. सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांना राखीव जागा देण्याच्या मुद्द्यावर मात्र त्यांचे महाराजांशी पटले नाही आणि त्यांनी पद सोडले. गुणवत्तेबद्दलचा त्यांचा आग्रह प्रामाणिक असेल. पण शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने संधीचा प्रश्न वेगळ्या नजरेने पाहायला हवा होता, अशी टीका त्यांच्यावर होते आणि ती सहज झटकता येत नाही.

१९३४ मध्ये त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, बंगळुरूत त्यांचे निधन झाले.

तीर्थपुरीच्या शेतकऱ्याला यातले काय लागू?

महाराष्ट्रात आज कालव्याचे पाणी प्रामुख्याने शेजपाळीने दिले जाते. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी मंजूर होते आणि नियमानुसार पाणी आधी टेलला, मग वरच्या बाजूला द्यायचे असते. कागदावर हा क्रम नीरा कालव्याच्या धड्याशी जुळतो. प्रत्यक्षात चारीची गळती, विनापरवाना उपसा आणि वरचा ऊस या तिन्हींमुळे तो उलटतो. पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला. त्यात वाटपाचा निर्णय पुन्हा शेतकऱ्यांच्या हाती देण्याची तरतूद आहे, पांझरेच्या काठी फड चालवणाऱ्या गावांकडे तो होता तसाच.