शिक्षकांचे शिक्षक : कर्मवीर भाऊराव पाटील

दरवर्षी १० डिसेंबरला शाळाशाळांतून मानवी हक्क दिन साजरा होतो. सन १९४८ मध्ये याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहिला जातो, संविधानाची उद्देशिका म्हटली जाते आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांचे भाषण होते. परंतु हक्क शिकविणाऱ्या शिक्षकाला ते कोणी व कसे शिकवावेत, हा प्रश्न बाजूलाच राहतो. या जाहीरनाम्याच्या कितीतरी आधी आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात एका थोर पुरुषाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले होते. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. लहानपणापासूनच भाऊराव अंगाने धिप्पाड, कुस्ती व पोहण्यात तरबेज आणि अन्यायाची चीड असलेले. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीचे पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी रागाने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे अस्पृश्य समाजातील ज्ञानदेव घोलप या मुलाच्या शिक्षणाची सोय त्यांनी कोल्हापुरात करून दिली. हेच घोलप पुढे ‘मूकनायक’ पत्राच्या संपादनात होते आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासदही झाले.

कोल्हापुरात शिकत असताना भाऊराव जैन वसतिगृहात राहत. सन १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला ते हजर राहिले. परत आल्यावर त्यांना स्नान करून आत येण्यास सांगण्यात आले. माणसाच्या शेजारी बसल्याने विटाळ होतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान केले नाही आणि वसतिगृह सोडावे लागले. त्या वसतिगृहाचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांना तुरुंगात डांबण्यात आले, छळ झाला, परंतु त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. ज्यांच्या वसतिगृहातून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्यासाठी त्यांनी हे सोसले. आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही न्याय मिळण्याचा हक्क आहे, एवढे या प्रसंगातून स्पष्ट होते. नागरिकशास्त्राचा याहून मोठा पाठ कोणता असणार?

भाऊराव स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे फिरते विक्रेते झाले. या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली आणि दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे हे त्यांच्या मनाने घेतले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची मुले तेथे एकाच पंगतीला बसत, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत आणि शेतात राबत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले होते. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यातही युनियन बोर्डिंग हाऊस निघाले.

आता आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला भाग. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि जुन्या मनाचा शिक्षक नव्या शाळेतही काही मुलांना दाराबाहेरच बसवील, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. भावी शिक्षक येथे अध्यापनशास्त्र शिकत, तसेच सर्व जातींच्या सोबत्यांबरोबर एका छपराखाली राहत व एकत्र जेवत. समतेचा वेगळा तास लावण्याची गरज पडत नसे. जो शिक्षक दोन वर्षे दलित सोबत्याच्या हातची भाकरी खातो, तो खेड्यात गेल्यावर मुलांच्या पंगती वेगळ्या लावणार नाही, इतका हा साधा हिशेब होता. अशा शिक्षकांच्या बळावर संस्थेने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालविल्या.

१९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेव्हा कमवा व शिका ही पद्धत माध्यमिक शाळेपर्यंत आली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. आणि १९५५ मध्ये माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साताऱ्यातच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले. मौलाना आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. एका जैन शेतकऱ्याच्या मुलाने उभारलेल्या संस्थेत अध्यापकांची एक शाळा फुल्यांच्या नावाने आणि दुसरी आझादांच्या नावाने चालावी, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र आज लोणावळ्यात बसून वाचताना आपल्या वर्गाकडे पाहावे. आपल्या मावळात पवना धरणासाठी जमिनी दिलेल्या कुटुंबांतील मुले आहेत. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आई-बापांची मुले आहेत. चिक्कीच्या दुकानात, हॉटेलात, रेल्वेत काम करणाऱ्यांची मुले आहेत. सर्व धर्मांची आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. पण हा कायदा आठवीपर्यंतच पोहोचतो. नववीत आलेला कातकरी मुलगा भट्टीवर गेला किंवा दहावीतल्या मुलीचे लग्न ठरू लागले, तर तिथे पहिला उभा राहू शकतो तो माध्यमिक शिक्षकच. हजेरीपटावर सलग आठ दिवस गैरहजेरी पडली की त्याने घरी जावे, आई-बापांशी बोलावे, अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे हे समजावून सांगावे. हे काम शिक्षकाच्या अंगी यावे यासाठीच त्याचे प्रशिक्षण हवे.

म्हणून आपल्या भागातील शिक्षक प्रशिक्षणे भाषण आणि प्रमाणपत्र यांवर संपू नयेत. वेगवेगळ्या माध्यमांच्या व समाजांच्या शिक्षकांनी दोन दिवस एकत्र राहावे आणि जेवावे. प्रत्येकाने आपल्या वर्गाची बैठक कागदावर काढून आणावी आणि शेवटच्या बाकावर नेहमी कोण बसते ते सर्वांसमोर सांगावे. शाळा सोडून गेलेल्या एका मुलाची हकीकत आणावी व तो परत कसा येईल याचा विचार सर्वांनी मिळून करावा. याला फार पैसा लागत नाही. भाऊरावांपाशी तर तोही नव्हता.

कर्मवीरांचे पुतळे आपण पुष्कळ उभारले. त्यांच्या पंगतीत बसलेला शिक्षक प्रत्येक शाळेत उभा राहिला, तर १० डिसेंबरच्या भाषणाला अर्थ येईल. आपल्या संस्थेच्या शिक्षकांनी हा आरंभ याच वर्षी करावा, एवढीच नम्र विनंती.