भिक्खुणी रेंगेत्सु : मातीवर कविता कोरणारे हात

जपानी चहाची भांडी जमवणाऱ्या संग्राहकांत रेंगेत्सु हे नाव मानाने घेतले जाते. हाताने घडवलेली लहानशी चहादाणी, तिच्यावर बोटांचे ठसे आणि ओल्या मातीत कोरलेली कविता ही त्यांच्या कामाची ओळख. पण या बौद्ध भिक्खुणीने माती हातात घेतली ती पोटासाठी.

ओतागाकी रेंगेत्सु यांचा जन्म १७९१ साली क्योटोत झाला. एका सामुराईची ही अनौरस मुलगी. चिओन-इन या जोदो पंथाच्या विहारात चाकरी करणाऱ्या ओतागाकी यांनी त्यांना दत्तक घेतले. लहानपणी कामेओकाच्या किल्ल्यात सेवेत असताना त्या काव्य, सुलेखन, इतकेच नव्हे तर शस्त्रविद्याही शिकल्या. संसार मात्र टिकला नाही. दोन लग्ने झाली, मुले लहानपणीच गेली आणि १८२३ मध्ये दुसरे पतीही आजारपणात वारले. त्याच वर्षी त्यांनी प्रव्रज्या घेतली. रेंगेत्सु म्हणजे कमळ आणि चंद्र.

१८३२ मध्ये दत्तक वडील गेले आणि त्यांना विहाराबाहेर पडावे लागले. चाळिशीतल्या एकट्या बाईने कमवायचे कसे? त्यांनी मातीकाम धरले. बहुतेक भांडी चाकाशिवाय, बोटांनीच घडवलेली, म्हणून थोडी वेडीवाकडी. त्यावर स्वतःची ३१ अक्षरांची वाका कविता. लोकांना ती इतकी आवडली की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ती टाळण्यासाठी त्या सतत घर बदलत, आणि त्यावरूनच त्यांना टोपणनाव पडले. कोवळ्या वयातला तोमिओका तेस्साई त्यांच्या हाताखाली काम करत असे. पुढे तो जपानचा नामांकित चित्रकार झाला.

नक्कल करणारेही निघाले. सांगतात, की त्यांच्यावर चिडण्याऐवजी रेंगेत्सु त्यांच्या भांड्यांवर आपल्या हाताने कविता लिहून देत. कुरोदा कोर्‍यो या कुंभाराला तर त्यांनी आपले नाव वापरण्याची परवानगीच दिली. आजचा संग्राहक त्यामुळे पेचात पडतो, कारण अक्षर त्यांचे असले तरी भांडे त्यांचेच असेल असे नाही. आपल्याला विचाराल तर हा पेच बाजाराचा आहे, त्यांचा नव्हता. हाती आलेला पैसाही त्यांनी साठवला नाही. दुष्काळात उपाशी लोकांसाठी दिला, कामो नदीवरच्या पुलासाठी दिला.

१८६५ पासून त्या जिंको-इन या शिंगोन विहारात राहिल्या. तिथेही माती सुटली नाही. १८७५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.