आविलाची संत तेरेजा

आपण देवासमोर उभें राहण्यास पात्र नाहीं, हा विचार चाळिशीच्या सुमारास पुष्कळ भाविकांस छळतो. अशांनी संत तेरेजेचें चरित्र अवश्य पाहावें, असें आम्हांस वाटतें.

स्पेन देशांत १५१५ सालीं जन्मलेली तेरेजा १५३५ सालीं कार्मेल संघाच्या मठांत गेली. तेथें दुर्धर आजारानें ती जवळजवळ तीन वर्षें पंगु होती. बरी झाल्यावर मठांतील भेटीगाठींत तिचें मन रमलें. मग आपल्यासारख्या पापिणीनें देवाशीं एकान्तांत बोलूं नये, असें मानून तिनें वर्षाहून अधिक काळ मनन-प्रार्थना सोडिली. तिला ती नम्रता वाटली. पुढें कळलें कीं, तो सैतानाचा फांसा होता. १५४३ सालीं वडील वारल्यावर त्यांच्या डोमिनिकन धर्मगुरूंनीं तिला प्रार्थनेकडे परत आणिलें; तरी मन दुभंगलेलेंच राहिलें.

१५५४ सालीं घायाळ ख्रिस्ताची एक प्रतिमा पाहून ती त्याच्या पायांशीं रडत पडली. स्वतःच्या बळाचा भरंवसा सोडून तिनें सर्व भार प्रभूवर टाकिला. तीच तेरेजा १५६२ सालीं, विरोधास न जुमानतां, संत जोसेफाच्या नांवानें नवा मठ स्थापिती झाली. १५८२ सालीं मृत्यु येईपर्यंत असे १७ मठ झाले.

१६२२ सालीं, ज्यांचा देह आपल्या गोव्यांत आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांजबरोबरच तिला संतपद मिळालें. १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केलें.

ज्या कोणीं लाजेनें प्रार्थना सोडिली असेल, त्यानें ती आजच पुन्हां धरावी, इतकीच आमची विनंति.