पेरणारा संत : चार्ल्स द फुको



१ डिसेंबर हा संत चार्ल्स द फुको यांचा स्मरणदिन. आगमनकाळाच्या आणि नाताळाच्या तयारीच्या गडबडीत तो आपल्याकडे फारसा लक्षात राहत नाही. पण आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोहोचावी म्हणून धडपडणाऱ्या प्रत्येकाने या संताची ओळख करून घ्यावी असे मला वाटते. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे विचारतात की, इतकी वर्षे शिकवले, पण दृढीकरण संस्कार झाला की मुले चर्चमध्ये दिसत नाहीत, मग उपयोग काय झाला? आईवडील विचारतात की, घरात रोज रोझरी होत होती, तरी मुलगा आज मिस्साला येत नाही, आमचे काय चुकले? हा प्रश्न चार्ल्स यांनी आयुष्यभर सोसला.

चार्ल्स यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात एका श्रीमंत, खानदानी घराण्यात झाला. १८६४ साली आई आणि वडील दोघेही काही महिन्यांच्या अंतराने वारले. तेव्हा चार्ल्स यांना सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांना आणि त्यांच्या लहान बहिणीला आजोबांनी वाढवले. पुढे शालेय वयातच चार्ल्स यांची श्रद्धा हरवली. देव आहे की नाही हे ठरवता येत नाही, अशी त्यांची समजूत झाली. ते लष्करी अधिकारी झाले. आजोबांच्या मागे हाती आलेली संपत्ती त्यांनी मेजवान्या आणि चैनीत उधळायला सुरुवात केली. अल्जीरियातील पलटणीत असताना गैरवर्तनामुळे त्यांना काही काळ लष्कराबाहेरही काढण्यात आले होते.

१८८२ साली लष्कर सोडून त्यांनी मोरोक्कोचा शोधप्रवास करायचे ठरवले. ख्रिस्ती माणसाला त्या देशात मोकळेपणाने फिरता येत नसे. म्हणून १८८३-८४ मध्ये त्यांनी गरीब ज्यू रब्बीच्या वेशात अकरा महिने हा प्रवास केला. त्याबद्दल पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्यांना १८८५ साली सुवर्णपदक दिले. त्यांच्या मनावर खरा ठसा मात्र उमटला तो साध्या मुसलमान लोकांच्या प्रार्थनेचा. दिवसातून पाच वेळा सगळे काम बाजूला ठेवून देवापुढे वाकणारी ही माणसे पाहून, आपल्याला ठाऊक नसलेले काही मोठे सत्य असले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. नमाज पढणाऱ्या त्या माणसांना, एका फ्रेंच नास्तिकाच्या मनात आपण देवाची ओढ जागी करत आहोत, याची कल्पनाही नव्हती.

पॅरिसला परतल्यावर त्यांची आतेबहीण मारी द बोंदी यांनी त्यांना उपदेश केला नाही. त्यांचे जुने वागणेही उकरून काढले नाही. घराचा दरवाजा उघडा ठेवला, प्रेमाने वागवले आणि स्वतःची श्रद्धा शांतपणे जगत राहिल्या. इतकी हुशार बाई ज्यावर विश्वास ठेवते ते निव्वळ वेडेपणाचे कसे असेल, असा प्रश्न चार्ल्स यांना पडू लागला. ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीस ते संत ऑगस्टीन चर्चमध्ये फादर उव्हलँ यांना भेटले. धर्माबद्दल काही शंका विचारायच्या होत्या. फादरांनी वादात न पडता त्यांना तिथल्या तिथे गुडघे टेकून पापनिवेदन करायला सांगितले आणि नंतर परमप्रसाद घ्यायला पाठवले. चार्ल्स त्या दिवशी घरी गेले ते श्रद्धावंत होऊन. मारी यांची सोबत आणि फादरांचा योग्य वेळी उच्चारलेला शब्द ही दोन माणसांची कामे होती. हृदय बदलले ते देवाने.

त्यानंतर चार्ल्स यांना देवासाठी काहीही थोडे करवेना. १८९० साली ते ट्रॅपिस्ट मठात गेले आणि सुमारे सात वर्षे, आधी फ्रान्समध्ये व मग सीरियात, मठवासी म्हणून राहिले. तरी समाधान होईना. नाझरेथमध्ये तीस वर्षे कोणाच्या लक्षात न येता कष्ट करणारा येशू त्यांना हाका मारत होता. म्हणून मठ सोडून ते नाझरेथला गेले आणि क्लारा संघाच्या धर्मभगिनींच्या मठात गडी म्हणून काम करू लागले. पुढे ९ जून १९०१ रोजी फ्रान्समधील व्हिव्हिए येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ज्यांच्याकडे कोणीच जात नाही त्यांच्याकडे जायचे, असे ठरवून ते त्याच वर्षी सहारा वाळवंटातील बेनी अब्बेस या गावी आले.

तिथे त्यांनी लहानसे घर बांधले. सर्वांचा भाऊ व्हायचे हे त्यांचे स्वप्न होते. सकाळपासून रात्रीपर्यंत गरीब, आजारी, वाटसरू, सैनिक आणि गुलाम त्यांच्या दाराशी येत. काही गुलामांना त्यांनी पैसे भरून सोडवले. फ्रेंच अधिकारी गुलामगिरीकडे डोळेझाक करतात याबद्दल त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे कळवळून तक्रारही केली. १९०५ साली ते आणखी दक्षिणेला, होगार पर्वतराजीतील तामानरासेत येथे तुआरेग लोकांमध्ये राहायला गेले. तेव्हा तिथे वीसेक झोपड्या होत्या.

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ पाहू. १९०७ चा नाताळ आला. मिस्साला उत्तर देणारा निदान एक ख्रिस्ती माणूस हजर असावा असा त्या काळी नियम होता आणि तामानरासेतमध्ये दुसरा ख्रिस्ती माणूस नव्हता. त्यामुळे ज्या धर्मगुरूने पवित्र साक्रामेंतासाठी सर्व काही सोडले, त्याला नाताळच्या रात्री मिस्सा अर्पण करता आली नाही. दीर्घ दुष्काळ पडला होता. जवळचे धान्य त्यांनी लोकांना वाटून टाकले होते. जानेवारी १९०८ मध्ये ते इतके आजारी पडले की हालचाल केली तरी धाप लागे. तुआरेगांपैकी कोणी ख्रिस्ती झाले नव्हते. पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाने मागे वळून पाहिले तर हाती काहीच नव्हते.

त्यांना वाचवले ते त्या गरीब शेजाऱ्यांनी. शेळ्या आटल्या होत्या. तरी त्यांनी दूरवर फिरून, जिथे थोडे दूध असेल तिथून गोळा करून ते या परक्या माणसाला पाजले. तोपर्यंत चार्ल्स देणारे होते आणि तुआरेग घेणारे होते. त्या दिवसांत तेच रिकाम्या हाताने पडून राहिले आणि शेजाऱ्यांनी त्यांना जगवले. त्यांची मैत्री खरी झाली ती या आजारात. त्याच महिन्याच्या अखेरीस एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची परवानगीही येऊन पोहोचली.

त्यानंतर त्यांच्या कामाची रीत बदलली. या लोकांना झटपट ख्रिस्ती करणे हे आपले काम नाही, आधी त्यांना समजून घेतले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ते तासन् तास भाषेचा अभ्यास करू लागले. तुआरेगांच्या हजारो काव्यपंक्ती त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतल्या. सुमारे २००० पानांचा शब्दकोश तयार केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१-५२ साली, चार खंडांत छापला गेला. भाषेचे अभ्यासक आजही तो वापरतात. टोळीचे प्रमुख मूसा आग अमास्तान त्यांचे मित्र झाले.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. तुआरेगांनी येशूला ओळखावे ही इच्छा चार्ल्स यांनी कधी सोडली नाही आणि आपली श्रद्धाही कधी लपवली नाही. पण त्यांची मैत्री त्या इच्छेवर अवलंबून नव्हती. मासा गळाला लागावा म्हणून लावलेल्या आमिषाला प्रेम म्हणता येत नाही. समोरचा माणूस कधीच ख्रिस्ती झाला नाही तरी तो माझा भाऊच आहे, हे मनापासून म्हणता आले तरच आपले प्रेम सुवार्तेचे प्रेम ठरते. तत्त्वज्ञानात कृती आणि तिचे फळ यांत फरक करतात. कृतीची जबाबदारी माझी आहे. फळ मात्र दुसऱ्याच्या स्वातंत्र्यातून आणि देवाच्या कृपेतून येते. त्या दोहोंवर माझी मालकी नाही.

चार्ल्स यांना मर्यादाही होत्या. ते त्यांच्या काळाचे फ्रेंच माणूस होते. फ्रेंच लष्करातले त्यांचे मित्र वाळवंटावर राज्य करत होते आणि त्या सत्तेवर त्यांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात गावकऱ्यांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी लहान गढी बांधली. तिथे लष्कराने शस्त्रेही ठेवली होती. १ डिसेंबर १९१६ रोजी, पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळी फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या हल्लेखोरांनी त्यांना गढीबाहेर ओढून बांधले. तेवढ्यात दोन उंटस्वार शिपाई येताना दिसले. पहाऱ्यावरचा तरुण घाबरला आणि त्याने गोळी झाडली. काही आठवड्यांनी तिथे आलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याला पवित्र साक्रामेंताचे पात्र वाळूत पडलेले सापडले.

त्या दिवशी हिशेब मांडला असता तर काय दिसले असते? इतक्या वर्षांत मोजके बाप्तिस्मे. धर्मबंधूंचा संघ स्थापण्यासाठी नियमावली अनेकदा लिहिली, पण एकच सोबती आला आणि तोही आजारी पडून काही महिन्यांत परतला. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक देत नाही, या प्रभूच्या वचनावर ते वारंवार चिंतन करत. आता ते वचन त्यांच्याच बाबतीत घडले होते.

१९३३ साली फादर रने व्होयोम आणि त्यांच्या साथीदारांनी सहाराच्या काठावर येशूच्या लहान बंधूंचा संघ सुरू केला. १९३९ साली सिस्टर माग्दलेन यांनी येशूच्या लहान भगिनींचा संघ सुरू केला. चार्ल्स यांच्या प्रेरणेने जगभर असे अनेक संघ उभे राहिले. १३ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच दिवशी, त्याच वेदीवरून, आपल्या भारताचे संत देवसहायम यांनाही संतपद मिळाले. देवसहायम यांची श्रद्धा एका परदेशी सेनाधिकाऱ्याबरोबरच्या संभाषणांतून जागी झाली होती. एकाला फळ लवकर दिसले, तर दुसऱ्याला डोळे मिटेपर्यंत दिसले नाही. संत मात्र दोघेही.

बंधू-भगिनींनो, फळ देवावर सोडणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. चार्ल्स शेवटच्या दिवसांपर्यंत राबत होते. धर्मशिक्षकांनी पुढच्या रविवारचा पाठ तितक्याच तयारीने घ्यावा. ज्या मुलाने चर्चकडे पाठ फिरवली आहे, त्याच्यासाठी आईवडिलांनी रोज प्रार्थना करावी आणि तो घरी येईल तेव्हा प्रश्नांची सरबत्ती न करता त्याला प्रेमाने जेवायला वाढावे. मारी बोंदी यांनी एवढेच केले होते. आणि फादर उव्हलँ यांच्याप्रमाणे बोलण्याची वेळ आली, तर भीड न धरता बोलावे.

शेजारच्या घरी फराळ घेऊन जाताना, कोणाच्या आजारपणात रात्र जागताना, आपण कोणत्या बीजाची पेरणी करत आहोत हे आपल्याला कळणार नाही. ते कळण्याची गरजही नाही. पीक ज्याचे आहे त्याला ते ठाऊक आहे.

या आगमनकाळात संत चार्ल्स आपल्यासाठी विनंती करोत.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू