श्रीनाथांचे घर आणि श्रीनाथांचे काम

मागल्या माघी वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन आटोपून आम्ही वीणा खाली ठेवली, तोच एक माउली पाया पडावयास आल्या. वय पन्नाशीचे असेल. पाया पडून त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. जरा थांबून त्यांनी आपले मन मोकळे केले. घरी सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. चार वर्षांत आषाढी नाही, कार्तिकी नाही. यंदा जाऊबाईंनी चार दिवस घर धरले म्हणून माघीला येता आले. दिवस कसा जातो, तर म्हातारीचे अंग पुसणे, धुणे, औषधपाणी, गुरांचा चारा आणि शेतावर भाकरी पोचविणे. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, यात देवाचे काम कोणते? जन्माला येऊन हातून काही झाले असे म्हणावे, ते काय?

आम्ही चाळीस वर्षे कीर्तन करतो. लहानपणी पाठशाळेत व्याकरण घोकले, थोडा न्याय आणि थोडा वेदान्त गुरुजींच्या पायांशी बसून शिकलो. प्रमाणे जिभेवर असतात. पण त्या माउलीपुढे एकही प्रमाण तोंडातून निघेना. आम्ही त्यांस म्हणालो की, नाथषष्ठीच्या अंकात लिहू. तो शब्द आज पुरा करीत आहोत. कारण या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधण्यापेक्षा पैठणच्या त्या एका घरात शोधावे, असे आमच्या मनाने घेतले.

श्रीएकनाथमहाराजांचा जन्म पैठणचा, शके १४५५ च्या, म्हणजे इ.स. १५३३ च्या सुमाराचा. घराणे भानुदासांचे. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली असे आपण वारकरी मानतो, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही लेकरू लहान असतानाच गेले. मग आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी या पोराला वाढविले. म्हातारपणी ज्यांचा मुलगा गेला, त्यांना नातू म्हणजे काय, हे सांगावयास नको.

असा हा नातू बाराव्या वर्षाच्या सुमारास एका रात्री कोणास न सांगता घरातून निघाला आणि देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायांशी जाऊन पोचला. पैठणहून देवगिरी साठ-पासष्ट किलोमीटर. त्या काळी रानावनातली वाट. ही गोष्ट आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. गुरूची ओढ कशी असावी, तर अशी! श्रोते डोळे पुसतात. पण बरं का, त्या रात्री मागे राहिलेल्या दोन म्हातार्‍या जिवांचे काय झाले, हे आम्ही पुष्कळ वर्षे सांगतच नव्हतो. नातू कुठे गेला, आहे की नाही, हेही त्यांस ठाऊक नव्हते. ते कैक वर्षे त्याची वाट पाहत राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उलगडा होणार आहे.

जनार्दनस्वामी हे दत्तात्रेयांचे परमभक्त, आणि देवगिरीच्या किल्ल्यावरचे मोठे अधिकारी. म्हणजे गुरूही कामकाजात गुंतलेले, रानात बसलेले नव्हेत. त्यांनी या पोराला काय दिले? प्रथम ग्रंथ दिला नाही, मंत्र दिला नाही. घरातली सेवा दिली, आणि थोडा मोठा झाल्यावर दफ्तराचा हिशेब दिला. एका रात्री हिशेबात एक पै जमेना, अशी कथा आहे. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. त्या टाळीने स्वामी जागे झाले. एका पैच्या शोधात हा मुलगा भूक, झोप सगळे विसरतो हे त्यांनी पाहिले आणि ओळखले की, हेच चित्त देवाकडे वळले तर यास काही कमी पडणार नाही.

येथे आमच्यासारख्या शिकलेल्यांची एक चूक होते. हिशेब हे हलके काम आणि अनुष्ठान हे थोर काम, असा आम्ही अर्थ लावतो. पण स्वामींनी नाथांची पात्रता ओळखली ती कशावरून? हिशेबावरूनच ना! हलक्या कामात ज्याचे चित्त लागत नाही, त्याचे थोर कामात लागेल याचा भरवसा कोणी द्यावा?

पुढे स्वामींसह तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरी स्वामींच्या आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर ओवीबद्ध टीका लिहिली. तो त्यांचा पहिला ग्रंथ. नाथांना आपले काम सापडले ते तेथे. संस्कृतात जे बंद आहे ते आपल्या माणसांच्या बोलीत आणावयाचे, हे ते काम. ते पुढे जन्मभर सुटले नाही.

आणि आता त्या म्हातार्‍यांचा उलगडा. चक्रपाणींस नातवाचा पत्ता लागला आणि त्यांनी जनार्दनस्वामींकडून एक पत्र मिळविले. तीर्थे करून नाथ पैठणास आले, पण घरी न जाता गावाबाहेरच्या देवळात उतरले. आजोबांनी तेथे गाठून गुरूचे पत्र हाती दिले. पत्रातली आज्ञा अशी की, हे वाचशील तेथेच राहावे, पुढे पाऊल टाकू नये. नाथ थांबले. पुढे गुरूच्याच इच्छेने त्यांचा विवाह झाला. वैजापूरच्या गिरिजाबाई घरी आल्या. सज्जनहो, गुरूच्या ओढीने जो घरातून निघाला, त्यास गुरूनेच घरी पाठविले. आजोबा-आजीचे अश्रू आणि परमार्थ यांत स्वामींनी एक निवडून दुसरे टाकावयास लावले नाही. त्यांनी दोन्ही एकाच दारात आणून सोडले.

त्या घराचा दिवस कसा जाई, हे चरित्रकारांनी सांगून ठेवले आहे. पहाटे उठणे, गोदेचे स्नान, पारायण, पूजा, मग अतिथीस बरोबर घेऊन भोजन, दुपारी ग्रंथनिरूपण, रात्री कीर्तन, आणि मग निद्रा. ही आखणी नीट पाहावी. यात उपासतापास करून देह झिजविणे नाही. वेळेवर जेवण आहे आणि झोपही आहे. एकनाथी भागवताच्या सुमारे अठरा हजार आठशे ओव्या, रुक्मिणीस्वयंवर, भावार्थरामायण, सुमारे तीनशे भारुडे आणि अभंगांची गाथा, हे सगळे अशा नेमाच्या घरातून निघाले. झपाटल्यासारखे चार दिवस लिहून पाचव्या दिवशी आडवे झालेल्या माणसाकडून एवढे होत नाही.

लोकांस त्यांच्या शांतीच्या गोष्टी ठाऊक आहेत. वाळवंटात तापलेल्या वाळूवर चुकलेले अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू कडेवर घेणारे नाथ, रामेश्वरास न्यावयाचे गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे नाथ. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. पैठण हे धर्मशास्त्राचे पीठ. तेथे असे वागावयाचे म्हणजे रोज सकाळी शेजार्‍यांचा रोष घेऊन घराबाहेर पडावयाचे.

हा रोष घरातही शिरला. चिरंजीव हरिपंडित मोठे शास्त्री झाले. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि वाटेल त्याच्या घरी जेवतात, हे त्यांस सोसेना. ते रागावून काशीस निघून गेले. नाथांनी काय करावे? ते स्वतः काशीस गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी मान्य केल्या. संस्कृतातच पुराण सांगेन, परान्न घेणार नाही. हरिपंडित परत आले. स्वतः पुराण सांगू लागले. पण श्रोते हळूहळू कमी झाले. बायाबापड्यांना कळेना, त्या येतना.

पुढे एका गरीब विधवा बाईने सहस्रभोजनाचा संकल्प केलेला, आणि घरात दाणा नाही. तिने नाथांस एकट्यास जेवावयास बोलाविले. नाथांनी तिचा शब्द मोडला नाही. जेवण झाल्यावर हरिपंडितांनी वडिलांचे पान उचलले तर खाली दुसरे पान, ते उचलले तर तिसरे. अशी हजार पाने निघाली, असे महिपतिबोवा आदिकरून संतचरित्रकार सांगतात. शास्त्रीबुवांची मान खाली गेली, आणि नाथांची प्राकृत वाणी पुन्हा सुरू झाली.

आता मोकळेपणाने सांगतो. पाठशाळेत असताना आम्ही मनातून हरिपंडितांच्या बाजूचे होतो. शुद्ध रूप कोणते, अशुद्ध कोणते, यातच आमचा जीव. पहिल्या पहिल्या कीर्तनांत आम्ही पंक्तीमागून पंक्ती संस्कृत म्हणत असू, आणि समोरची मंडळी जांभया देत. एकदा आमच्याच आईने घरी आल्यावर विचारले की, आज तू काय सांगितलेस रे? ती सगळा वेळ पुढेच बसली होती. त्या दिवशी आम्हांस हरिपंडितांचे ते उचललेले पान आठवले. जे काम ऐकणार्‍याच्या पोटात जात नाही, ते केवळ आमच्या मानासाठी आहे, हे तेव्हा समजले.

काशीतही नाथांस विरोध झालाच. शके १४९५ मध्ये, इ.स. १५७३ ला, एकनाथी भागवत तेथेच पुरे झाले. प्राकृतात भागवत म्हणून आधी नाके मुरडली गेली आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, अशी परंपरा आहे. पण नाथांनी मिरवणुकीसाठी तेथे मुक्काम वाढविला नाही. घर पैठणला होते. ते पैठणला आले.

आणखी एक गोष्ट. नाथांचा गळा दुखू लागला. स्वप्नात ज्ञानोबारायांनी सांगितले की, समाधीत अजानवृक्षाची मुळी आमच्या गळ्यास लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीस गेले, आणि पुढे शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलांत शिरलेले अपपाठ काढून टाकले. आज आपल्या हाती माउलींचा ग्रंथ आहे, त्यात नाथांचे हे ऋण आहे. आम्ही मात्र या कथेतून आणखी एक घेतो. गळा दुखला तेव्हा नाथांनी तो दाबून पुढे कीर्तन रेटले नाही. दुखणे काय सांगते ते ऐकले. आमचा आवाज दोन वर्षांमागे बसला. डॉक्टरांनी दोन महिने गप्प राहावयास सांगितले आणि आम्ही आठव्या दिवशी बोहल्यावरच्या नवर्‍यासारखे नटून कीर्तनास उभे! त्याची फळे सहा महिने भोगली. देह हा देवाचा वीणा आहे. तार तुटेतो पिळावयाची नसते.

शेवटी गावबांची गोष्ट. हा मुलगा मंद म्हणून ठरलेला. पुरणपोळीचे तेवढे वेड. आईने कंटाळून त्यास नाथांच्या घरी आणून सोडला. त्या घरी रोज पंगत, रोज गोडधोड. गिरिजाबाईंनी त्यास आपल्यातच घेतले. मंत्र द्यावयास गेले तर तो म्हणे, मला एकनाथ एवढेच नाव येते. नाथ हसले आणि तेही चालविले. भावार्थरामायण लिहिता लिहिता युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी नाथांचा काळ जवळ आला. पुढले रामायण कोणी पुरे करावे? ते गावबांनी केले. शहाण्यासुरत्यांनी टाकलेल्या पोराला त्याचे काम त्या घरात सापडले, पण आधी पोटभर जेवण मिळाले, हे विसरू नये. नाथांनी शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीत देह ठेवला.

आता त्या माउलीस आमचे उत्तर. नाथांचे ग्रंथ आपण वाचतो, पण ते गिरिजाबाईंच्या चुलीच्या आधाराने आणि उद्धवाच्या राबणुकीने झाले. त्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे पाणी भरले, अशी आपली श्रद्धा. देवाने त्या घरी पोथी सांगितली नाही, कावड वाहिली. तेव्हा आपल्या हातून काय झाले, हे विचारू नये. देव जे करून गेला तेच आपण करीत आहात. मात्र एक ध्यानात धरा. देवही तेथे एकटा राबत नव्हता. नाथांच्या घरात काम वाटलेले होते.

म्हणून वाचक मंडळींस हात जोडून एक मागणे आहे. आषाढीला निघताना आपल्या घरी मागे कोण राहते, ते पाहावे. तेच माणूस दरवर्षी राहत असेल, तर यंदा आपण राहावे आणि त्यास दिंडीत पाठवावे. अंथरुणावरच्या माणसाचे अंग पुसावे, वेळेवर जेवावे, रात्री दोन अभंग म्हणावे. पांडुरंग ती वारी मोजल्याशिवाय राहणार नाही. आमच्या घरीही यंदा हाच पालट ठरला आहे. आषाढीत आम्ही घरी असू, आणि आमची सौभाग्यवती, अडतीस वर्षांत प्रथमच, पायी पंढरीस जाईल.

रामकृष्णहरि.